झिजलेलं ई-पुस्तक

इंदुमती खानोलकरांची नजर अधू झाली, तशा त्या सावरगावच्या वाचनालयातल्या टॅबवर अक्षरं मोठी करून रहस्यकथा वाचू लागल्या. एके दुपारी खुनी कोण ते कळायला दोनच पानं उरली होती, आणि अख्खं पुस्तक पडद्यावरून गडप झालं!

"या ई-पुस्तकाची ठरलेली वाचनं संपली हो," ग्रंथपाल सबनीस ओशाळून म्हणाले. "ते पुरवणारी कंपनी म्हणते पुन्हा विकत घ्या, आणि आपल्याला ते परवडत नाही."

बाईंचा नुसता तिळपापड झाला. पुढे वाचनालयाच्या वर्धापनदिनाला त्याच कंपनीचे संचालक राजाध्यक्ष पाहुणे म्हणून आले, तेव्हा बाई भर सभेत उभ्या राहिल्या.

"माझं पुस्तक का पळवलंत?"

साहेब ऐटीत हसले. "आजी, छापील पुस्तक हाताळून हाताळून झिजतं, मग नवं घ्यावं लागतं ना? तसंच आमचं ई-पुस्तकही बऱ्याच जणांनी वाचलं की झिजलं असं आम्ही धरतो. कागदाला जो न्याय, तोच याला."

"अगदी तोच?"

"शब्द देतो!"

"मग आमचं छापील पुस्तक झिजलं, म्हणून दुकानदार येऊन ते उचलून नेत नाही. ते आमच्याच कपाटात राहतं आणि आम्ही ते वाचतो. तेव्हा झिजलेलं ई-पुस्तक द्या परत. मला फाटकंही चालेल!"

सभागृहात शिट्ट्यांचा नुसता पाऊस पडला. दिलेला शब्द साहेबांना गिळता येईना. घाम पुसत त्यांनी व्यासपीठावरूनच कार्यालयात फोन लावला आणि पुस्तक परत द्यायला सांगितलं.

तेवढ्यात मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "साहेब, फोन ठेवू नका, माझंही एक झिजलंय!"