कासार पेठेचा कोरडा हौद

कासार पेठेचा हौद कोरडा पडला होता, आणि तो काठोकाठ भरलेला आहे असं महाराजांचं ठाम मत होतं.

मोहरपूरचे रणमल्ल महाराज मनाने वाईट नव्हते, पण एकदा मत झालं की झालं. प्रत्येक पेठेत पाण्याचा हौद, फुकट औषध देणारा वैद्य आणि मुलांना शाळा, असा त्यांचा हुकूम होता. तो पाळला जातो की नाही हे बघायला ते स्वतः पेठेपेठेत फेरी काढत. आधी दवंडी पिटायची, मग हत्ती, मग ताशे-सनई आणि शेवटी महाराज. राजाने चोरासारखं गुपचूप कुठे जाऊ नये, असं त्यांच्या आजोबांनी सांगून ठेवलं होतं.

दवंडी कानावर पडली की कोतवाल हैबतराव कामाला लागत. ज्या पेठेत फेरी, तिथला हौद भिस्ती पखालींनी भरून टाकत. सगळ्या शहराला वैद्य एकच होता, त्याला तिथल्या दवाखान्यात आणून बसवायचं. पंतोजीही एकच, तो पोरांची वरात घेऊन हजर. महाराज सगळं बघून खूश होऊन परतले की वैद्य आणि पंतोजी पुढच्या पेठेच्या वाटेला लागत, आणि हौदातलं पाणी कोतवालांच्या आंब्यांना जाई. आंबे मात्र फार गोड होते, हे कबूल करायला हवं.

कासार पेठेतल्या बायका नदीवरून हंडे वाहत होत्या. नदीच्या घसरणीवर बयजा कासारणीच्या सुनेचा पाय मोडला, तेव्हा बयजाचं डोकं फिरलं. ती तडक दरबारात जाऊन उभी राहिली आणि हौदात थेंब नाही म्हणून तिने सांगून टाकलं.

महाराजांचा चेहरा लाल झाला. "तो हौद मी या डोळ्यांनी भरलेला पाहिलाय," ते म्हणाले. "मी खोटा?"

"तुम्ही खरे, महाराज. हौदही कोरडाच."

"ठीक आहे. येत्या शुक्रवारी दुपारी मी तुमच्या पेठेत येतो. दवंडी पिटून येतो, वाजतगाजत येतो. तेव्हा मला हौद कोरडा दाखव. नाही दाखवलास, तर तो पाडून त्याचे दगड माझ्या बागेतल्या कारंज्याला लावीन."

दरबार हसला. हैबतराव सगळ्यांत मोठ्याने हसले, कारण हौद भरणं तर त्यांच्याच हातात होतं. पेठेत परतल्यावर बयजाला शेजाऱ्यांनी धारेवर धरलं. पावसाळ्यात का होईना, हौदात चार हंडे पाणी साठत होतं. आता तेही घालवलंस, म्हणाले. बांगड्यांच्या माळा खांद्यावर टाकून बयजा राजवाड्यात राणीसाहेबांकडे गेली.

कासारीण बांगड्या भरते तेव्हा हात तिच्या हातात असतो, आणि हात अडकलेला माणूस सगळं ऐकून घेतो. बयजाने हळूच सांगितलं, की शहराच्या दुसऱ्या टोकाला शिंपी पेठेत तिच्या बहिणीने आणि मैत्रिणींनी हौदाच्या काठी हळदीकुंकू ठेवलंय. शुक्रवारी दुपारी. राणीसाहेबांचे पाय लागले तर पेठ धन्य होईल. सवाष्णीने हळदीकुंकवाचं बोलावणं मोडू नये, हे राणीसाहेबांना काय सांगायला हवं? शिवाय त्या वाड्यात बसून कंटाळल्या होत्या. त्यांनी लगेच होकार दिला, आणि त्यांच्याही नावाची दवंडी फिरली.

ती ऐकून हैबतराव बोटं मोजायला लागले. भिस्ती मोजकेच, वैद्य एक, पंतोजी एक, आणि शहराची दोन टोकं. ते महाराजांकडे धावले. फेरी शनिवारी ठेवावी म्हणाले. महाराज म्हणाले, शब्द म्हणजे शब्द. मग ते राणीसाहेबांकडे धावले. राणीसाहेबांनी नुसतं एकदा त्यांच्याकडे बघितलं. हैबतराव पाठ न दाखवता दारापर्यंत मागे सरकत आले.

शुक्रवारी हत्ती झुलत कासार पेठेत शिरला. ताशे कडाडत होते. महाराज मिशीवर ताव देत खाली उतरले, हौदापाशी आले आणि आत वाकून बघू लागले. हौदाच्या तळाला एक शेळी पिलांना घेऊन निवांत झोपली होती. दवाखान्याला कुलूप, शाळेत शुकशुकाट. ताशेवाल्यांचे हात आपोआप थांबले.

"पाणी कुठे गेलं?" महाराजांनी विचारलं.

"राणीसाहेबांच्या हळदीकुंकवाला, महाराज," बयजा म्हणाली. "वैद्यबुवा आणि पंतोजीही तिकडेच. कोतवालसाहेब राणीसाहेबांवर छत्री धरून उभे आहेत."

"पण राजा मी आहे! त्याने पाणी माझ्याकडे का नाही पाठवलं?"

"मी कासारीण, मला राज्यकारभारातलं काय कळतंय?" बयजाने पदर सावरला. "पण कोतवालसाहेब तुमचे जुने चाकर. कुणाचा राग अंगावर घेतला तर निभावतं आणि कुणाचा घेतला तर नाही, हे त्यांना बरोबर माहीत असणार."

माहुताने तोंडावर पागोट्याचं टोक धरलं. महाराजांची मिशी थरथरली, आणि आता हिची धडगत नाही असं सगळ्यांना वाटलं. मग महाराज हसायला लागले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. हसता हसता त्यांनी अंगावरचा शेला काढून बयजाला दिला आणि म्हणाले, "जिंकलीस. आता हैबतरावाला काय शिक्षा करू, ते तूच सांग."

"शिक्षा कशाला, महाराज? त्यांचं बिऱ्हाड तेवढं आमच्या पेठेत हलवा. पाणी या हौदाचं, औषध या दवाखान्याचं, आणि पोरं या शाळेत."

महाराज पुन्हा हसले आणि तिथल्या तिथे हुकूम निघाला. कोतवालीणबाईंनी नव्या घरी पहिला रिकामा हंडा नवऱ्यापुढे आदळला, त्या दिवसापासून कासार पेठेचा हौद कधी आटला नाही. बाकीच्या पेठांतल्या बायका अजून बयजाकडे येतात, आणि तुमचे कोतवाल आम्हाला महिनाभर उसने मिळतील का, म्हणून विचारतात.