ठिमकीच्या आईचा आवाज

एक होती चिचुंद्री. एवढुशी. तिचं नाव ठिमकी.

पाऊस पडत होता. टप टप, टप टप. चार दिवस झाले, थांबायचं नाव नाही. बीळ ओलं. शेपूट ओलं. ठिमकीच्या आईला झाला खोकला. खूं खूं, खूं खूं. खोकून खोकून आईचा आवाजच गेला.

रोज आई हाक मारायची, "ठिमके, ये गं." आज आईनं तोंड उघडलं. हाक आलीच नाही. ठिमकीला रडू आलं.

मग ठिमकी निघाली. तुरू तुरू, तुरू तुरू. गेली जवळच्या झोपडीतल्या पारूकाकूकडे. खोकल्याचा काढा करावा तर पारूकाकूनंच.

"काकू, काकू, काढा कर.
आईचा आवाज येईना."

काकू म्हणाली, "आलं हाय, मिरी हाय, गूळ हाय. अडुळसा नाय. पान नाय, तर काढा नाय."

तुरू तुरू, तुरू तुरू. ठिमकी गेली अडुळशाकडे. अडुळसा मान खाली घालून उभा.

"अडुळशा, अडुळशा, पान दे.
काकू काढा करीना,
आईचा आवाज येईना."

अडुळसा म्हणाला, "माझ्या मुळाला वाळवी लागली. मलाच बरं नाही. वाळवी गेली, तरच पान."

तुरू तुरू, तुरू तुरू. ठिमकी गेली वाळवीकडे.

"वाळवी, वाळवी, घरी जा.
अडुळसा पान देईना,
काकू काढा करीना,
आईचा आवाज येईना."

वाळवी म्हणाली, "घरी कशी जाऊ? वारुळाला पडलंय मोठं भोक. आत पाणी शिरलं. पिल्लं भिजली. भोक बुजलं, तरच घरी."

तुरू तुरू, तुरू तुरू. ठिमकी गेली मातीकडे. माती बाजूला पडली होती, चिखल होऊन.

"माती, माती, भोक बुजव.
वाळवी घरी जाईना,
अडुळसा पान देईना,
काकू काढा करीना,
आईचा आवाज येईना."

माती म्हणाली, "मला कुठे चालता येतं? कुदळीनं मला उकरलं, लांब फेकलं. कुदळीनं उचललं, तरच जाईन."

तुरू तुरू, तुरू तुरू. ठिमकीचे पाय दुखले. तरी गेली कुदळीकडे.

"कुदळी, कुदळी, माती उचल.
माती भोक बुजवीना,
वाळवी घरी जाईना,
अडुळसा पान देईना,
काकू काढा करीना,
आईचा आवाज येईना."

कुदळ म्हणाली, "मला कुठे हात आहेत? हात काकूचे. काकूनं धरलं, तरच उचलीन."

झालं का? फिरून काकूच.

"काकू, काकू, कुदळ धर.
कुदळ माती उचलीना,
माती भोक बुजवीना,
वाळवी घरी जाईना,
अडुळसा पान देईना,
काकू काढा करीना,
आईचा आवाज येईना."

काकूनं कुदळीकडे पाहिलं.

वारुळावर अळंबी येते ना, पांढरी छत्रीवाली? ती बोटांनी हलकेच काढायची. वारुळाला कुदळ लावायची नाही. काकूला हे ठाऊक होतं. पण त्या दिवशी काकूला झाली होती घाई, म्हणून कुदळच चालवली.

काकू म्हणाली, "भोक मीच पाडलं, बाय. अळंबी खाल्ली आन् इसरून गेले." काकूला फार वाईट वाटलं.

"कुदळ नको," काकू म्हणाली. "हातानंच भरते."

काकू पावसात बसली. ओंजळ ओंजळ माती उचलली. थप थप थप.

मातीनं भोक बुजवलं.
वाळवी घरी गेली. रांग लहान होती. काही पिल्लं वाहून गेली होती.
अडुळशानं पान दिलं.
काकूनं काढा केला. रटरट, रटरट.

काकूनं फुंकून फुंकून तो गार केला. करवंटीत ओतला. बिळाच्या तोंडाशी ठेवला.

आईनं एक थेंब चाटला. आवाज नाही.
दुसरा थेंब चाटला. आवाज नाही.
बाहेर पाऊस, टप टप, टप टप.
आईनं तिसरा थेंब चाटला.

"ठिमके, ये गं."

बारीक आवाज. घोगरा आवाज. पण आईचाच.

ठिमकी आईच्या कुशीतच होती. तरी ती आणखी जवळ सरकली.