निळा डोळा आणि लाकडी मांजर

“मग माझ्या कस्तुरीला ताईत देणार की नाही, माई?”

संग्रहालयाच्या पायऱ्या चढतानाही वैजयंताचं तेच चाललं होतं. गर्दीत पोर हरवायला नको, म्हणून चार वर्षांच्या लेकीच्या मनगटाला तिनं आपल्या पदराचं टोक बांधलं होतं.

मठातल्या म्हाताऱ्या माई पुढं. काठी टेकत, तरी जत्रेला निघाल्यासारख्या भरभर.

“काळा दोरा आहे, तीट आहे, रोज मीठमोहऱ्या उतरवते. माझ्याएवढं कोण जपतं, सांगा! तरी जीव थाऱ्यावर नसतो. तुमच्या हातचा ताईत मिळाला की...”

“आधी इजिप्त बघू.”

दालनात शिरल्या शिरल्या कस्तुरी किंचाळलीच, “आई, ममी! खरीखुरी ममी!”

ती धावली. पदर ताणला. वैजयंता मागून फरफटली.

माई खुदकन हसल्या. “यात बैल कोण गं, आणि गाडी कोण?”

पुढच्या कपाटापाशी मात्र वैजयंताच थबकली. काचेआड, दोऱ्यात ओवलेला एक निळा डोळा.

“माई, या की लवकर! दृष्टीचा ताईत! म्हणजे त्यांच्यातल्या आयासुद्धा बांधायच्या!” ती घाईघाईनं पाटी वाचू लागली. “तीन हजार वर्षांपूर्वीचा... आणि चकाकतोय कसा बघा! मला अगदी अस्साच द्या.”

“पाटी पुरती वाच.”

“...लहान मुलीच्या... थडग्यातून.”

वैजयंतानं लेकीचं मनगट गच्च धरलं.

“माई, त्या पोरीच्या आईचं काय करायचं राहिलं होतं हो?”

माई खाली वाकल्या. त्यांनी पदराची गाठ सोडली.

कस्तुरी सुटली, ती थेट कपाटाच्या दुसऱ्या टोकाला.

“आई! मांजर! चित्रात बघ, दोरी ओढली की तोंड उघडतं त्याचं! आऽऽ करतं! ये ना!”

त्याच थडग्यातलं लाकडी मांजर. कान गुळगुळीत झालेले, पाठीचा रंग उडालेला, दोरीच्या दशा निघालेल्या.

काचेला नाक लावून कस्तुरी खदखदून हसत होती. वैजयंता सुटलेला पदर हातात धरून उभी.

“माई... ताईत?”

माईंनी काचेवर बोट ठेवलं.

“ताईत कोरा आहे, पोरी. मांजर बघ, खेळून खेळून किती झिजलंय!”