खिंडीत आडव्या झालेल्या सात म्हाताऱ्या

फार पूर्वी, मीठ बैलांच्या पाठीवरून डोंगर चढत असे, तेव्हाची ही गोष्ट. एका डोंगराच्या अंगावर पाच पाडे होते आणि त्या पाच पाड्यांत मिळून सात म्हाताऱ्या होत्या. वयाने म्हातारी माणसं आणखीही होती, पण नुसतं ‘म्हाताऱ्या’ म्हटलं की लोकांना या सातजणीच कळत. कारण डोंगरावरच्या कंदांची राखण त्यांच्याकडे होती.

कणग्या रिकाम्या झाल्या की पुढचं भात हाती येईपर्यंत पाडे या कंदांवर जगत. उन्हाळ्यात वेल वाळून जातो, मग कंद कुठे आहे ते म्हाताऱ्यांनाच ठाऊक. कोणता गोड, कोणता कडू, तेही त्याच ओळखत. कडू कंदाच्या चकत्या राखेच्या पाण्यात उकडून वाहत्या पाण्यात ठेवाव्या लागत, नाहीतर खाणाऱ्याचे हाल होत. आणि कंद काढला की त्याचा वरचा भाग, जिथून वेल फुटतो तो डोळा, तिथेच मातीत परत लावायचा, हा नियम होता. त्यांच्या आज्यांनी तो त्यांना शिकवला होता. त्या तो पाड्यांतल्या मुलींना शिकवत. मुली अलीकडे कंटाळत, हसत, पण म्हाताऱ्या शिकवायच्या थांबल्या नव्हत्या.

एका उन्हाळ्यात राजाचा अंमलदार डोंगरावर आला. त्याच्यामागे मिठाने लादलेले बारा बैल होते. राजाच्या वैद्याला शोध लागला होता म्हणे, की या डोंगरावरचे कंद खाल्ले की म्हातारपण येत नाही. अंमलदाराने पाचही पाड्यांच्या पुरुषांना बोलावून सांगितलं, की डोंगरावरचा सगळा कंद खणून द्या, तीन वर्षं मीठ मी पोचवीन.

पाड्यांचा कारभारी काथोड होता. त्याने इतरांशी बोलून होकार दिला. काथोड सातजणींतल्या सर्वांत थोरल्या नवशीचा मुलगा. घरी येऊन त्याने आनंदाने ही बातमी आईला सांगितली.

नवशी भात पाखडत होती. तिचा हात थांबला. तिने विचारलं, की आमच्यातल्या एकीला तरी कोणी विचारलं का?

“आये, तीन वर्षांचं मीठ देतायत,” काथोड म्हणाला.

“आणि तीन वर्षांनी?” नवशी म्हणाली. “कणगी रिकामी झाली की पोरांपुढे काय ठेवशील? मिठाचे खडे?”

काथोडने सांगितलं, की शब्द दिलाय, उद्या सकाळी खणायला जायचं आहे. नवशीने सूप बाजूला ठेवलं आणि काठी घेऊन ती बाहेर पडली.

ती आधी खालच्या पाड्यावर पवळीकडे गेली. या दोघींचं बोलणं नऊ वर्षांपासून बंद होतं. नवशीच्या नातीचं लग्न पवळीच्या नातवाशी ठरून मोडलं होतं, आणि तेव्हापासून दोघी एकाच झऱ्यावर वेगवेगळ्या वेळी पाणी भरत. नवशी दारात उभी राहिली. अंमलदाराची गोष्ट तिने दोन वाक्यांत सांगितली.

पवळीने ऐकलं आणि विचारलं, “कुठे जमायचं?”

दुसऱ्या दिवशी उजाडताच पाचही पाड्यांचे पुरुष पहारी आणि टोपल्या घेऊन निघाले. कंदांच्या रानाकडे जाणारी वाट एका अरुंद खिंडीतून जात होती. दोन्ही बाजूंना सरळ कडे, मधे जेमतेम एक बैल जाईल एवढी जागा. तिथे सातजणी एकीमागे एक अशा वाटेवर आडव्या पडल्या होत्या.

पुरुष थबकले. कुणाची आई होती, कुणाची आजी, कुणाची सुईण. आडव्या पडलेल्या आईला ओलांडून जायचं, हे त्या डोंगरावर कधी कोणी केलं नव्हतं.

काथोड पुढे झाला. उठा म्हणून त्याने खूप विनवलं. शेवटी चिडून म्हणाला, की तुम्ही माझी मान खाली घालताय.

नवशी पडल्या जागेवरून म्हणाली, “आम्ही तुला धरलेलं नाही काथोड. पाय उचल आणि जा.”

काथोडने पाय उचलला नाही. पहार तिथेच टाकून तो घरी निघून गेला. त्याच्यामागे एकेक करून बाकीचेही परतले.

अंमलदार संतापला. त्याने मिठाचे बैल फिरवले आणि घाटाच्या तोंडाशी शिपाई बसवले. म्हाताऱ्या स्वतः येऊन माफी मागत नाहीत तोवर चिमूटभर मीठसुद्धा वर जाणार नाही, असा हुकूम त्याने सोडला.

पंधरा दिवसांत घराघरांतलं मीठ संपलं. पेज अळणी, भाजी अळणी. म्हाताऱ्यांनी आंबट पाल्याच्या भाज्या करायला शिकवल्या, चिंच दिली, पण मिठाची चव मिठालाच. पोरं ताट सारून उठू लागली. गुरं भिंती चाटू लागली. झऱ्यावर बायका म्हाताऱ्यांना ऐकू जाईल असं बोलत. काथोड आईशी बोलत नव्हता, तिने वाढलेलं गुपचूप खाऊन उठत होता. हे नवशीला सर्वांत जास्त लागलं, पण तिने ते कोणाला दाखवलं नाही.

महिनाभराने पाचही पाड्यांची माणसं जमली. म्हाताऱ्यांनी जावं आणि माफी मागून यावं, असं बहुतेकांचं म्हणणं पडलं. सातजणी एका ओळीत बसून ऐकत होत्या. सगळ्यांचं बोलून झाल्यावर पवळी उठली.

“आम्हाला शिव्या द्या,” ती म्हणाली. “अळणी जेवण आम्हालाही गिळवत नाही. पण माफी मागायची तर चूक करावी लागते. ती आम्ही केलेली नाही.”

तेवढं बोलून ती खाली बसली. माफी मागायला कोणी गेलं नाही.

अंमलदाराने वाट पाहिली आणि मग दूरच्या गावांतून चाळीस मजूर आणले. डोंगराच्या मागच्या बाजूने त्याने त्यांना रानात चढवलं. ती खबर पाड्यांत पोचेपर्यंत तीन दिवस गेले होते. मजुरांना रानाची माहिती नव्हती. ते दिसेल तिथे खणत सुटले. गोड-कडू एकाच ढिगात टाकलं, डोळे तोडून उन्हात फेकले. त्यांना मिळणारं धान्य अपुरं होतं, म्हणून तिसऱ्या दिवशी त्यांनी हंडाभर कंद तिखट घालून शिजवले. अंमलदारानेही चव म्हणून वाटीभर खाल्ले. संध्याकाळपर्यंत सगळे ओकाऱ्यांनी आडवे झाले होते.

काथोडने ती बातमी आणली. इतक्या दिवसांत तो पहिल्यांदाच आईशी बोलला. म्हणाला, पडू दे त्यांना तिथेच, आपोआप पळून जातील.

“रान राखतो ते माणसं जगावीत म्हणून,” नवशी म्हणाली. “मुलींना हाक मार. हंडे घ्यायला सांग.”

सातजणी रानात गेल्या. मागे पाड्यांतल्या मुली होत्या. त्यांनी मजुरांना सावलीत हलवलं, पातळ पेज घोट घोट पाजली, झाडपाल्याचे काढे दिले. दोन दिवस आणि दोन रात्री त्या तिथून हलल्या नाहीत. एक माणूसही दगावला नाही. हंड्यात उरलेले कंद पाहून मुलींना आता सांगावं लागलं नाही, की कडू-गोड वेगळं का ओळखायचं.

तिसऱ्या दिवशी अंमलदार उठून बसला. त्याला लाज वाटत होती, पण राजाचा हुकूमही डोक्यावर होता. तो नवशीला म्हणाला, की मीठ आजच वर पाठवतो, आणि तुमच्या उपकाराखातर अर्धाच डोंगर खणतो. अर्धा तुमचा.

“नाही,” नवशी म्हणाली.

त्याने विचारलं, की अर्धा मिळतोय, तोही नको?

“पोटातलं पोर अर्धं देता येतं का?” नवशी म्हणाली. “आमच्या आज्यांनी आम्हाला सगळा डोंगर दिला. आम्ही सगळाच पुढे देणार. मीठ नको तुझं.”

अंमलदाराने तोंड फिरवलं आणि मजुरांना कुदळी उचलायला सांगितल्या. कोणी उचलल्या नाहीत. मग त्यांच्यातला एक वयस्क मजूर उभा राहिला. त्याला अजून नीट उभं राहता येत नव्हतं.

“सरकार, हा वेल आमच्याही डोंगरावर होता,” तो म्हणाला. “आमच्याकडेही अशा म्हाताऱ्या होत्या. त्या नको म्हणाल्या, तेव्हा आम्ही त्यांना ओलांडून गेलो. म्हणून आज पोटासाठी तुमच्या कुदळी वाहतोय.”

तो खाली बसला आणि उन्हात पडलेले डोळे गोळा करू लागला. एक मुलगी त्याच्याजवळ गेली आणि डोळ्याची कोणती बाजू वर ठेवायची ते तिने दाखवलं. थोड्या वेळात चाळीसही मजूर खड्डे बुजवत होते, आणि मुली त्यांना रागे भरत शिकवत होत्या. काथोडही पहार घेऊन आला होता. तो आईच्या शेजारी बसून माती लोटत राहिला.

अंमलदार रिकामी पोती घेऊन दरबारात गेला. तिथे त्याने सांगितलं, की तो वेल त्या डोंगरावर होतच नाही. त्याने शिपाई काढले नाहीत, पण आता त्यामुळे काही बिघडलं नाही. मजुरांना मिठागराकडे जाणारी दुसरी वाट माहीत होती. काथोड आणि पाड्यांतले तरुण चार दिवस चालून खांद्यांवरून मीठ घेऊन आले.

मजूर निघाले तेव्हा म्हाताऱ्यांनी त्यांना ओल्या मातीत गुंडाळलेले डोळे दिले. पण नुसते डोळे नेऊन ते लावणार कसे? त्यांच्या गावात ते सांगणारी एकही बाई उरली नव्हती. सातजणींनी एकमेकींकडे पाहिलं. पवळीने घरातून घोंगडी आणली, लुगड्याचा काष्टा घट्ट मारला आणि त्यांच्यापुढे डोंगर उतरू लागली. मजुरांनी तिच्यासाठी डोली बांधली होती. तिने त्यात डोळ्यांची टोपली ठेवायला सांगितली आणि स्वतः चालत गेली.

तात्पर्य काढायचं तर असं: जे आपल्याला राखून मिळालं, ते राखूनच पुढे द्यायचं असतं. ते मागायला कोणी आलं, तर तो कितीही मोठा असो आणि आपण कितीही थकलेले असो, ‘नाही’ म्हणावं आणि त्यावर ठाम राहावं.