बचतीची भजी

आमच्या पतसंस्थेचे चेअरमन हंबीरअण्णा म्हणजे काटकसरीचे फौजदार. तरुणांच्या बचत मेळाव्यात त्यांनी भर सभेत शिंप्याच्या दुकानात कामाला असलेल्या वैजूला उभं केलं.

"शिलाई मशीनला कर्ज मागतेस आणि दर महिन्याला सिनेमा बघतेस? सिनेमा सोड, तरच सही करीन!"

"सोडणार नाही, अण्णा! पगारातून आधी बचत काढते, मगच सिनेमा. पण भाषणाला भजी कशाला ठेवलीत?"

"नाहीतर कोण येतंय ऐकायला?" अण्णा बोलून गेले.

"मग माझ्या बचतीलाही महिन्यातून एकदा भजी लागतात. नुसत्या भाषणावर ती बसत नाही, उठून जाते."

सभा खदखदून हसली. मी तर भज्यांसाठीच आलेला, सगळ्यात मोठ्यानं हसलो. अण्णांनी हातातलं भजं तोंडात टाकून सही केली आणि कर्जाच्या कागदावर त्यांची तेलकट बोटं उमटली.