साळुंकी आणि घळीतली भेकरी

शके अठराशे एकोणनव्वद, फाल्गुन महिना. पळस गळायला लागला होता आणि जंगलात गोचिडी माजल्या होत्या. त्या जंगलाच्या टेकडीवर एका साळुंकीचे बिऱ्हाड होते. जनावरांच्या अंगावरच्या गोचिडी टिपाव्यात तर तिनेच. पण तिच्या घराण्याची रीत होती : जनावराने टेकडीवरच्या वडाखाली यावे, साळुंकीने खाली जाऊ नये. टेकडीवरची सांबरे रोज येत. अंगावर काही नसले तरी पाठ टोचून घेत.

एके दिवशी खालच्या घळीतून भेकरी आली. भेकरी म्हणजे बुटक्या जातीची हरिणी. पाडसाला घेऊन ती पहाटेच निघाली होती. पोचली तेव्हा ऊन डोक्यावर आले होते.

"साळुंकीबाई, ह्याच्या कानात गोचीड आहे," ती म्हणाली.

साळुंकीने सांबराच्या पाठीवरूनच मान वाकडी करून पाहिले. "एवढीशी? ही चोचीत धरवत नाही, खाल्ली तर पोट भरत नाही. फुगू दे, मग आण."

"ह्याला चढ झेपत नाही हो. आज आलेच आहे तर..."

सांबर हसले. "घळीतल्यांना भारी घाई! अगं, एका गोचिडीनं कोणी मेलंय का? माझी पाठ बघ. एक तरी आहे?"

"तुमच्या पाठीवर साळुंकीबाई रोज बसलेल्या असतात, दादा," भेकरी म्हणाली आणि पाडसाला घेऊन उतरली.

वैशाखात ती पुन्हा आली. या वेळी एकटीच.

"फुगली का गं?" साळुंकीने विचारले.

"फुगली. आणि एकीच्या तीस झाल्या."

"मग पाडस कुठे आहे?"

"अर्ध्या वाटेवर, करवंदीच्या जाळीत. उभं राहत नाही."

साळुंकी उडाली. भेकरीला जी वाट अर्धा दिवस पुरत असे, ती पंखांना चार श्वासांचीही नव्हती. हे तिला त्या दिवशी कळले. तिने कानातल्या, पापणीवरच्या, मांडीतल्या गोचिडी काढल्या. एकही ठेवली नाही. पाडस तोवर गार पडले होते.

भेकरी धापा टाकत पोचली. "झालं का?"

"सगळ्या काढल्या," साळुंकी म्हणाली. आणि ती पाडसाच्या अंगावरून बाजूला झाली.

दुसऱ्या दिवसापासून उजाडताच ती आधी घळीत जाऊ लागली. सांबर ओरडले, "आणि आमची पाळी?"

"तुमचे पाय धड आहेत. थांबा."

घळीतले ससे, भेकरे, सशाएवढ्या पिसोरी हरणी, सगळ्यांचे कान ती रोज तपासू लागली. बारीक गोचिडींनी पोट भरत नसे. ती अर्धपोटी राहिली, पण तिने खाडा केला नाही.

पौषात भेकरीला दुसरे पाडस झाले. ते साळुंकीच्या चोचीखाली वाढले, त्याला शिंगे फुटली आणि एका सकाळी घळीचा चढ ते न थांबता चढून गेले. भेकरी खालून बघत राहिली. साळुंकी पुढच्या पाडसाचा कान तपासायला वळली.

तात्पर्य : दुखणे लहान असतानाच दुबळ्याच्या दारी जावे, तो आपल्या दारी पोचेपर्यंत उशीर झालेला असतो.