मास्तरांच्या जागी

कुंभेरी संस्थानच्या राजेसाहेबांना इंग्रजी शिकायची हौस आली आणि मुणगेकर मास्तर त्यांना शिकवायला रुजू झाले. राजेसाहेबांच्या तोंडी एकच गोष्ट बसली, ‘इफ आय वेअर यू’, म्हणजे मी तुमच्या जागी असतो तर. मग काय, आचाऱ्याला सांगायचे, “इफ आय वेअर यू, मीठ कमी टाकलं असतं.” पैलवानाला सांगायचे, “इफ आय वेअर यू, ढाक मारली असती.” सगळे माना डोलवायचे. दुसरं करणार काय?

अशात मास्तरांना वेंगुर्ल्याहून तार आली, आई अत्यवस्थ आहे. त्यांनी रजा मागितली. राजेसाहेब म्हणाले, “गोऱ्या साहेबासमोर आमचं इंग्रजी भाषण आहे. अडलो तर सांगणार कोण? ते होऊ द्या, मग जा.”

भाषण झालं, टाळ्याही पडल्या. मास्तर घरी पोचले तेव्हा आईला अग्नी देऊन झाला होता.

दिवसकार्य आटोपून ते परतले. भरल्या दरबारात राजेसाहेब हळहळले, “मास्तर, इफ आय वेअर यू, तार हातात पडताच निघालो असतो.” आणि लगेच विचारलं, “बरोबर वापरलं ना?”

“अगदी बरोबर, सरकार,” मास्तर म्हणाले. “फक्त तुम्ही माझ्या जागी असता, तर रजा तुमच्याकडेच मागावी लागली असती.”

या वेळी कोणी मान डोलावली नाही. राजेसाहेब साध्या मराठीत म्हणाले, “चुकलं आमचं. आता हवी तेवढी रजा घ्या.”

“आता कोणाला भेटायला जाऊ, सरकार?”